तीन इंचांची भीड

खुर्ची उजवीकडे कलंडली तेव्हा मी कोर्टाच्या कडेला हातात टेप घेऊन उभी होते. कलंडली ती सावंतांना घेऊनच खाली गेली, कारण स्पोर्ट्स व्हीलचेअरमध्ये माणसाला कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांनी बांधलेलं असतं. पडताना त्यांनी हात टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. मला सगळ्यात आधी आठवलं ते हे, की ती सीट तीन इंच वर मीच चढवली होती.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मूळची पुण्याची. तेव्हा सिंगापूरमध्ये, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये सीटिंग क्लिनिक बघत होते. सीटिंग म्हणजे ज्याला खुर्चीत आयुष्य काढायचं आहे त्याला ती खुर्ची अंगाबरहुकूम बसवून देणं. शिंपी कपडा बेततो तशी आम्ही खुर्ची बेततो. फरक इतकाच, की माप चुकलं तर शिंप्याचं गिऱ्हाईक कुरकुरतं, आमच्या गिऱ्हाइकाला जखम होते.

नितीन सावंत अलिबागकडचे, बोटीवर सेकंड इंजिनिअर. सिंगापूरच्या पोर्टमध्ये बोट उभी असताना शिडीवरून पडले आणि छातीखालचं अंग गेलं. कंपनीने इथल्याच ऑफिसात टेबलावरचं काम दिलं. ऑफिस ते हौगांगचा फ्लॅट, एवढंच त्यांचं जग उरलं. हौगांगला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण ऑफिसच्या पलीकडे हा माणूस एक स्टेशनही गेला नव्हता. त्यांची बायको शुभदा मला फोनवर म्हणाली की घरात बसून माणूस आंबत चाललाय, काहीतरी करा.

उंची सहा फूट एक. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले, आणि पुढे बोटीवरही फिलिपिनो खलाशांबरोबर डेकवर खेळलेले. म्हणून मी त्यांना दर शनिवारी खेळणाऱ्या व्हीलचेअर बास्केटबॉल टीमकडे पाठवलं. तिथला कोच रहीम स्वतः खुर्चीत. दोन महिन्यांत सावंतांच्या चेहऱ्यावर रंग आला. शुभदाने क्लिनिकमध्ये करंज्या आणून दिल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग एक दिवस त्यांनी सांगितलं की सीट वर घ्या. ते डिफेन्सला खेळायचे. समोरच्याचा शॉट अडवायचा तर हात वर पोचायला हवा, आयुष्यभर आपण रिंगखाली उभे राहून तेच करत आलो, असं त्यांचं म्हणणं.

आता यातली गोम सांगते. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये उंची तुमच्या हाडांत कमी आणि सीटमध्ये जास्त असते. नियमात एक मर्यादा आहे, तिच्या आत सीट वरखाली करता येते. उंच बसलं की हात वर पोचतो. पण तोच हात खाली चाकाला कमी पोचतो, म्हणजे वेग जातो. त्यातून ज्याचे पोटापाठीचे स्नायू काम करत नाहीत, तो उंच बसला की पहिल्याच झटक्यात तोल जातो. अशा माणसाला आम्ही उलट खाली बसवतो. सीटची मागची बाजू खोल, गुडघे वर. बादलीत बसल्यासारखं दिसतं, पण धड हलत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. मी ते त्यांना सांगितलंही. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तरी बघा ना, मॅडम. प्लीज." या माणसाने अपघातानंतर कोणाकडे काही मागितल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. मी पाना घेतला आणि सीट वर चढवली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती भीक मला नाही, त्यांना भोगावी लागली.

एक्सरेत हाड शाबूत निघालं. मनगट मात्र मुरगळलं होतं, तीन आठवडे भार टाकायचा नाही. तुम्हाआम्हाला मनगट मुरगळलं तर डाव्या हाताने जेवावं लागतं. ज्याचे पाय गेले त्याचे हातच पाय असतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून टॉयलेटला, सगळं त्या मनगटांवर. दीड वर्ष घासून त्यांनी जे स्वतःचं स्वतः करायला शिकून घेतलं होतं, ते पुन्हा शुभदाच्या अंगावर आलं.

घडलेल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहायचा असतो. मी लिहिलं की पेशंटच्या मागणीवरून सीट वाढवण्यात आली. आमच्या हेड मिसेस गोह यांनी तो वाचला. त्या कधी आवाज चढवत नसत. त्यांनी पेन घेऊन 'पेशंटच्या मागणीवरून' एवढंच खोडलं आणि विचारलं, "टेप कोणाच्या हातात होता?"

शनिवारी मी हौगांगला गेले. सावंत खिडकीशी बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की खेळ संपला, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी द्या, टीममध्ये पोरं वाट बघतायत. शुभदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. माणूस पुन्हा घरात आंबत बसणार, ही तिची भीती मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात त्यांची मुलगी ईरा ट्यूशनहून आली. नऊ वर्षांची, बापासारखीच उंचाडी. कसलासा पेपर दाखवायला ती खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. सावंतांनी चटकन दुखऱ्या मनगटानेच आर्मरेस्टवर रेटा देऊन अंग वर ओढलं आणि ताठ बसले. चेहऱ्यावर कळ उमटली. ती पेपर घेऊन गेल्यावर सैल झाले. पाच मिनिटांनी ती परत आली, पुन्हा तेच.

ती खोलीत गेल्यावर मी विचारलं की हे कधीपासून चाललंय. ते मनगट चोळू लागले.

"मध्यंतरी ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, नाऊ आय ॲम टॉलर लाह. इथल्या पोरांसारखं लाह लावून, हसतच म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं." मग म्हणाले, "खांद्यावर घ्यायचो ना हिला. सिलिंगला हात लावायची. आता माझ्याशी बोलायला मान खाली घालते. मला बाप असल्यासारखंच वाटत नाही हो."

म्हणजे ते तीन इंच बास्केटबॉलसाठी नव्हतेच; निदान कोर्टवर तरी त्यांना लेकीपुढे उंच दिसायचं होतं. मी इंच मोजत बसले आणि ते कोणासाठी हवेत हे विचारलंच नाही. माझे डोळे भरून आले. तेव्हा लक्षात आलं की आल्यापासून मी त्यांच्यासमोर उभीच आहे. मी खाली लादीवर बसले.

"माझं चुकलं, सावंत," मी म्हटलं. "घरच्या खुर्चीला उशी बदलून एखादा इंच मिळतोय का, ते बघते. पण कोर्टवरची खुर्ची खाली घेणार. तुम्ही नाही म्हणालात तरी."

"मग अडवणार कसा?"

ते मला माहीत नव्हतं. खेळाच्या बाबतीत मी उंटावरची शहाणी. म्हटलं, रहीमला विचारू.

रहीम फोनवर हसला. त्याचं म्हणणं सोपं होतं. खुर्ची आडवी सरकत नाही. उंच माणसालाही उंचीचा उपयोग करायला आधी रिंगपाशी यावं लागतं. त्याला येऊच देऊ नका. जो वाटेवर आधी पोचतो, वाट त्याची, असा नियमच आहे. "डोंट ब्लॉक द बॉल. ब्लॉक द रोड."

मनगट बरं झाल्यावर सावंत आले. मुख्यतः शुभदाने लावलेल्या धोशामुळे. मी वाढवलेले तीन इंच काढले, मागच्या बाजूने आणखी एक खाली घेतला. बादलीत बसल्यावर ते माझ्याकडे बघतही नव्हते. पहिल्या ढकलीत खुर्ची इतकी सुसाट सुटली की भिंतीपाशी कशीबशी थांबली. ते वळले आणि पुन्हा पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले.

तीन महिन्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगच्या एका हॉलमध्ये मॅच झाली. समोरच्या टीममध्ये एक जण होता, गुडघ्याखाली एक पाय नसलेला, बाकी धड पोलादी. ऐटीत उंच बसलेला. त्याने सगळ्यांच्या डोक्यावरून तीन बास्केट टाकले. रहीमने सावंतांना त्याच्यावर सोडलं. मी डोळे मिटून घेतले.

खुर्चीवर खुर्ची आदळल्याचा आवाज आला म्हणून उघडले. तो उंच माणूस रिंगपासून लांब अडकला होता, हात वर, आणि पुढे सावंतांची खुर्ची आडवी. तो डावीकडे वळला, हे आधीच तिथे. पुन्हा वळला, पुन्हा तेच. सावंतांनी त्या मॅचमध्ये एकदाही बॉलसाठी हात वर केला नाही. तरी आम्ही हरलो, कारण बाकीच्या चौघांना कोणी आवरलं नाही. शुभदा म्हणाली, "अलिबाग स्टँडवरच्या रिक्षा बऱ्या, इतक्या आडव्या येत नाहीत." आणि रडायलाच लागली.

ईरा धावत कोर्टवर गेली. सावंतांच्या पट्ट्या सोडवायला त्यांच्यावर ओणवी झाली. ओणवी असूनही तिचं डोकं त्यांच्यापेक्षा वरच होतं. "बाबा, डोंट मूव्ह लाह," ती दटावत होती, आणि ते मान वर करून, धापा टाकत, दोन्ही हातांनी तिला दाखवत होते की तिसऱ्या वेळी त्याला कसा कोपऱ्यात घेतला. अंग वर ओढायची आठवण त्यांना राहिली नव्हती.

मी जवळ गेले तसे म्हणाले, "मॅडम, अजून एक इंच खाली जाईल का?"

मी म्हटलं, गुडघे हनुवटीला लागतील. ते हुज्जत घालू लागले. प्लीजसुद्धा म्हणाले.

क्लिनिकच्या फॉर्मवर 'पेशंटची मागणी' असा रकाना आहे. त्याखाली मी आता 'कोणासाठी' असं पेन्सिलीने लिहून ठेवते. त्या दिवशी विचारायची गरज नव्हती. मी कोर्टवरच मांडी घालून बसले आणि टेप लावला. जागा अर्ध्याच इंचाची होती. तेवढीच दिली.