निवडलेली ज्वारी

मंडळाच्या जुन्या माणसांत आता मीच उरले, म्हणून मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चार पानं लिहून दिली. पांढुर्ण्याच्या आमच्या विहारात सुरुवात कशी झाली, मग सौंसरला शाखा कशी निघाली, निराधार म्हाताऱ्या, महारोगी, नवऱ्यानं टाकलेल्या बाया मंडळानं वाटलेल्या धान्यावर कशा जगल्या, सगळं लिहिलं. आताच्या पोरांनी वाचून वा वा केली. एका मावशीचं मात्र मी त्यात लिहिलं नाही. ते इथं लिहिते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी सौंसरची लेक, लग्न होऊन पांढुर्ण्यात आलेली, प्राथमिक शाळेत शिकवायची. मंडळाची रीत साधी होती. वस्तीतल्या प्रत्येक घरी स्वयंपाकाआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रविवारी वंदना झाली की डबा विहारात आणून मोठ्या पिंपात रिकामा करायचा. दुपारी ते धान्य ज्यांना कोणी नाही त्यांना वाटायचं. पिंपाजवळ मी उभी राहायची. माझ्या हातून खडासुद्धा सुटत नसे, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

नियमही माझाच. पहिल्याच वर्षी दोन धडधाकट घरांनी डबाभर टाकलं आणि वाटपातून पायलीभर उचललं, त्यावरून भांडणं झाली. तेव्हा मी सभेत उठून बोलले. आपले बाप-आजे दारोदार गावाची शिळी भाकर मागत फिरले, आता आपण देणारे झालो, तर ज्या घरून मूठ येते त्या घरी वाटपाचं धान्य जायचं नाही. टाळ्या पडल्या. नियम झाला.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या या मावशीनं. लहानपणी ती बापामागं टोपलं घेऊन भाकर मागायला गेलेली. दीक्षा घेतली त्या वर्षी बापानं ते टोपलं जाम नदीत फेकलं, ही गोष्ट ती प्रत्येक नव्या सुनेला ऐकवायची. तेव्हापासून आपण हात पसरला नाही, असं म्हणून ती पदर सारखा करायची. संत्र्याच्या मोसमात ती फळं निवडायला जायची. लहान, मध्यम, मोठं, हात लावला की तिला कळे.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि ते काम सुटलं. लेक बायकोला घेऊन दूर कुठं कामाला गेला, त्याची चिठ्ठी नाही की निरोप नाही. या दोन्ही गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या, बरं का. पण दर रविवारी मावशीचा डबा यायचा. मूठ येऊन राहिली म्हणजे चूल पेटून राहिली, असं आम्ही धरून चाललो. एकदाही कोणी तिच्या घरात डोकावलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझं घर तिच्यापासून चार घरं सोडून.

एका रविवारी तिच्या डब्यातून ज्वारीसोबत गहू, तांदूळ, चार दाणे तुरीचे असं काहीबाही निघालं. पिंपात पडलं असतं तर सगळं निवडत बसावं लागलं असतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, हे काय आणून राहिल्या? द्यायचं तर नीट द्या. ज्वारी म्हणजे ज्वारी."

ती डबा घेऊन एका कोपऱ्यात बसली, बोटांनी चाचपून ज्वारी वेगळी केली आणि तेवढीच टाकली. पुढच्या रविवारपासून तिची ज्वारी अशी स्वच्छ यायला लागली की मी ती ओंजळीत घेऊन इतर बायांना दाखवली. पाहा म्हटलं, या वयात, या डोळ्यांनी! मावशी लाजून हसली.

सरमिसळ धान्य म्हणजे दहा दारचं धान्य, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आज्याच्या झोळीत तेच यायचं. पण ते मला तेव्हा आठवलं नाही. आग लागो त्या माझ्या शिस्तीला.

त्या साली परीक्षेची ड्यूटी तिगावच्या शाळेत लागली. पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं एकच स्टेशन. दुपारी शाळेच्या ओसरीत पेपर बांधत होते, तर समोरच्या घराच्या दारातून आवाज आला. आधी आवाज ओळखला, मग माणूस. "मूठभर देजो वं माय," असं मावशी म्हणत होती. घरातल्या बाईनं सुपातून काही झोळीत टाकलं, आणि ती भिंत चाचपत पुढच्या दाराला गेली. माझे हात सुतळीवर तसेच राहिले.

संध्याकाळी स्टेशनवर ती निंबाखाली बसलेली. पदर मांडीवर पसरून दाणा दाणा बोटांनी पारखत होती. ज्वारी डब्यात, बाकीचं झोळीत. डबा आमचाच, रविवारचा. परगावी कोणी ओळखत नाही म्हणून ती इथं हात पसरायची, आणि आपल्या गावात देणारी राहायची. मी हाक मारली असती तर तिनं माझा आवाज ओळखला असता. मी नाही मारली. गाडी आली तशी दुसऱ्या डब्यात चढले. तिची लाज राखली, असं स्वतःला सांगत घरी आले.

रविवारी ती आली. पिंपासमोर डबा धरून म्हणाली, "पाहून घ्या बाई. एक बी खडा नाही."

मला तेव्हाच तिचा हात धरून बाजूला नेता आलं असतं. हा नियम काढा, असं सभेत सांगता आलं असतं. सगळ्या बाया बघत होत्या. मी डबा घेतला आणि रिकामा केला. मनात ठरवलं, उद्या पायलीभर ज्वारी घेऊन गुपचूप तिच्या घरी जाऊ. उद्या पेपर तपासायचे होते. परवा सौंसरला माहेरी निघावं लागलं. मग आणखी काही.

गुरुवारी शेजारीण धावत आली. मावशी दोन दिवस दिसली नाही म्हणून तिनं दार ढकललं होतं. मावशी चुलीजवळच पडलेली होती, गेलेली. चूल थंड. डॉक्टर म्हणाला, अंगात काहीच राहिलं नव्हतं. घरात पिठाचा कण नव्हता. मात्र फळीवर आमचा डबा होता, वर फडकं बांधलेलं, आत येत्या रविवारची ज्वारी. निवडलेली.

पुढं सौंसरची शाखा निघाली तेव्हा मी स्वतः उठून तो नियम काढायला लावला. इतिहासात मी लिहिलं की, "सर्वानुमते नियम रद्द झाला." का रद्द झाला ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिची लाज राखायला गप्प बसले, हे मी इतकी वर्षं घोकत आले. लाज तिची नव्हती राखली. त्या रविवारी मी बोलले असते तर आधी हेच सांगावं लागलं असतं की नियम माझा, आणि चुकला.

तो डबा शेजारणीनं माझ्याच हातात दिला होता. काय करायचं, असं तिनं विचारलं. मी तो रविवारी विहारात नेला, आणि पिंपात रिकामा करायच्या आधी, सवयीनं, आत खडे आहेत का ते पाहिलं.