टपातलं पाणी

अंधेरीच्या बाजारात कमळने भाव पुकारला की तो पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जायचा. तीस वर्षं मासळी विकून आवाज असा तयार झाला होता, आणि जीभ त्याहून. वेसाव्याच्या तिच्या चाळीत लोक तिला जरा दबूनच असत. अपवाद एकच, शेजारची शकु. मालवणची बाई, वीस वर्षांची मैत्रीण. कमळकडून तिच्याकडे मासे जात आणि तिच्याकडून सोलकढी येई.

यंदा कमळने गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये टोमॅटो लावले होते. मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायचं, ही तिच्या आईची पद्धत. झाडं तरारून वर आली, फुलं धरली. कमळ येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायची. मग मे महिन्यात खालच्या पानांच्या कडा करपल्या. आठवड्याभरात पानं वळून चुरचुरीत झाली आणि फुलं गळायला लागली.

कमळने औषध शोधलं नाही, गुन्हेगार शोधला. शकुचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्यामुळे ती दिवसातून दोनदा घर फिनेलने पुसायची आणि ते पाणी गॅलरीतल्या मोरीत सोडायची. ते बादल्यांना चाटून जाई. संध्याकाळी नळाला पाणी आलं, बायका हंडे घेऊन जमल्या, तेव्हा कमळने सगळ्यांसमोर तिला धरलं.

"तुझ्या फिनेलने माझ्या झाडांची वाट लागली. घरातली घाण घरात ठेव ना."

घाण म्हणजे कोण, ते तिथे सगळ्यांना कळलं. शकुने अर्धा भरलेला हंडा उचलला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून फिनेलचा वास बंद झाला. चार दिवसांनी दुसरा वास येऊ लागला, तेव्हा शकु दार लावून घेऊ लागली, तेही मेच्या उकाड्यात. कमळला ते दिसत होतं. झाडं तरी कुठे सुधारत होती?

शेवटी दोन करपलेली पानं पिशवीत घालून ती निमेश नर्सरीवाल्याकडे गेली. त्याने पान उलटसुलट करून पाहिलं.

"मावशी, खारं पाणी घालता का?"

"छे. मासे धुतलेलं गोडं पाणी घालते मी."

परतताना रिक्षातच तिला मिठाचा टप आठवला. हे आगोटीचे दिवस. पावसाळ्यासाठी मासळी मिठात मुरवायची, सुकवायची. मिठाचा टप ती रोज धूत होती आणि ते पाणीही सवयीने झाडांनाच जात होतं. घरी येऊन तिने बादलीतल्या मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. जन्मभर मिठात हात घातलेल्या बाईला आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मातीचा हात तसाच ठेवून ती बसून राहिली.

दुपारी गॅलरी रिकामी असते. ती वेळ बघूनच तिने फिनेलची नवी बाटली पदराखाली घेतली आणि शकुचं दार वाजवलं.

"शकु, मीठ होतं गं. माझ्याच टपातलं."

"माका ठावक होता," शकु म्हणाली. "तू पाणी घालताना मी बघलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चार बायांसमोर बोललंस. मी पण तसाच बोलाचा काय?"

तिने बाटली घेतली नाही. दारही लावलं नाही. आतला वास बाहेर येत राहिला आणि कमळला नाकाला पदर लावायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. कमळ हंडा न घेताच बाहेर आली आणि खाली बघत म्हणाली, "झाडं माझ्या मिठाने गेली. शकुचा काही दोष नव्हता. तिच्या घराबद्दल जे बोलले, ती माझी घाण."

नळाच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मालनने हंडा खाली ठेवला. "काय म्हणालीस गं? ऐकू नाही आलं."

कमळला ते पुन्हा सांगावं लागलं.