लग्नपत्रिकेत अडकलेली आत्या

माझ्या लग्नाची पत्रिका मीच टाइप केली. तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ आबांचं टायपिंगचं दुकान होतं आणि मी तिथं ऑपरेटर होते. नवरीच स्वतःची पत्रिका करतीय म्हणून गिऱ्हाईकं हसायची. हसू देत बापडी, मला त्या कॉम्प्युटरचाच ताप कमी नव्हता.

पत्रिकेची फाइल उघडली की तो बसलाच. एक अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत मी वेणी सोडून पुन्हा घालावी, अशी गत. सेव्ह करायला गेलं की वाळूचं घड्याळ यायचं आणि माऊस जागच्या जागी थिजायचा. मग बंद करा, चालू करा, नवीन टाइप केलेलं सगळं पाण्यात. बारामतीचा दुरुस्तीवाला येऊन धूळ फुंकून गेला. आबांनी दुकानातला एकुलता एक टेबलफॅन आमच्याकडून काढून कॉम्प्युटरकडं वळवला. आम्ही घामानं निथळायचो आणि हा शहाणा वारा खात ठप्प.

एरवी मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण थोरल्या भावाच्या पत्रिकेत बावड्याच्या आत्याचं नाव राहून गेलं होतं. नाव न्हाय म्हंजे मी बी न्हाय, असं म्हणून तिनं आमच्या घराचा उंबराच सोडला होता. माझ्या लग्नाला ती हवी, आणि त्यासाठी पत्रिकेत तिचं नाव हवं, एवढा एकच ध्यास वडिलांनी घेतला होता. वडील, म्हणजे आमचे अण्णा, लासुर्ण्याच्या शाळेत मास्तर. छापखान्याला संध्याकाळच्या गाडीनं मजकूर पाठवायचा होता, म्हणून रजा टाकून सकाळपासून माझ्या शेजारी स्टूलवर बसले होते.

आमच्याकडं पत्रिकेत सगळा गोतावळा छापावा लागतो. आधी आजोबा, मग चुलते, मग मामा, आणि बायकांची पाळी सगळ्यांत शेवटी. त्यामुळं मी आत्यापर्यंत पोचले की हा पठ्ठ्या थिजायचा. पुन्हा आजोबांपासून सुरुवात, पुन्हा आत्याशी येऊन गाडी अडली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. शेवटी अण्णाच वैतागून म्हणाले, "आधी तिचं घाल. मग बसू दे त्याला कुठं बसायचं ते."

घातलं. एक ओळ वाढली, म्हणून मी माथ्यावर चिकटवलेला बुद्धांचा फोटो जरा वर सरकवायला गेले. तो सरकला आणि खालून गणपती निघाला. गणपती सरकवला तर खाली दुसरा गणपती. त्याच्याखाली घोड्यावर बसलेला खंडोबा, त्याच्याखाली तुळजाभवानी, पुन्हा गणपती. अण्णांनी चष्मा पुसला. आबांनी कानाला हात लावले.

झालं होतं असं, की दुकानात पत्रिकेची फाइल एकच. तिच्या घड्या आणि नक्षी जमवणारा ऑपरेटर केव्हाच सोडून गेला होता. ज्याचं लग्न असेल त्याची नावं जुन्या नावांवर टाइप करायची आणि त्याचा देव आधीच्या देवावर चिकटवायचा. खालचा काढायचा नाही, ही आबांची सक्त ताकीद. देवाला डिलीट मारायचं पाप कोण घेणार? झाकला म्हणजे गेला, असंच आम्ही धरून चाललो होतो. तालुक्यातल्या यच्चयावत लग्नांचे देव पोटात घेऊन ते मशीन माझ्या आत्याचं नाव लिहायला धडपडत होतं.

मी म्हटलं, आबा, हे काढल्याशिवाय काही खरं नाही. आबा ऐकेनात. अण्णा देव मानत नव्हते, पण समजावण्यात मास्तरच. शांतपणे म्हणाले, "आबा, गणपती दरसाल पाण्यात सोडताच की. मग हितंच काय अडलंय?"

आबांनी चपला काढल्या. मग खुर्चीवर बसले, डिलीटची कळ कोणती ते मला विचारलं आणि दर गणपतीला "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत एकेक डिलीट करत गेले. मी म्हटलं, आबा, तेवढं सोडून काहीही म्हणा. खंडोबाचं आणि भवानीचं विसर्जन कसं करणार? त्यांना फ्लॉपीत घेतलं आणि फ्लॉपी देव्हाऱ्यात ठेवली.

आणि काय सांगू, मशीन पळायला लागलं. मामा, मावशा, सगळी नावं भराभर उतरली, सेव्हसुद्धा झाली. मी अण्णांना म्हटलं, आता आत्याला खाली तिच्या जागी नेते.

"राहू दे तितंच," अण्णा म्हणाले. "आई गेल्यावर मला तिनंच वाढवलाय."

छापून आलेली पत्रिका बघून थोरल्या चुलत्यांनी जेवणार नाही म्हणून जाहीर केलं. संध्याकाळी जेवले. अण्णा मला घेऊन पहिली पत्रिका द्यायला बावड्याला गेले. आत्यानं ना या म्हटलं, ना बसा. पत्रिका घेऊन बोट थेट तळाशी ठेवलं आणि वर वर सरकवत आजोबांच्याही वर नेलं. तिथं ते थांबलं.

"छापखान्याची चूक दिसतीय," ती म्हणाली.

"न्हाय. मीच सांगितलं."

आत्या उठून आत गेली. आम्हाला वाटलं, पाणी आणायला. ती पिशवी भरून बाहेर आली आणि चला म्हणाली. लग्नाला अजून पंधरवडा होता.