तीन तंगड्यांचा कोंबडा

"कोंबड्याले तंगड्या दोनच रायतेत, किसनभाऊ. तिसरी मी कोठून आणू?"

सत्यभामाबाईनं गंजावरचं झाकण काढलं. आत अख्खा गावरान कोंबडा शिजून तयार होता. किसनराव चुलीपाशी घामाघूम उभा. त्याच्या लेकीची, आकांक्षाची, सोयरीक आज पक्की व्हायची होती, आणि मुलाकडून तीन मोठी माणसं आली होती: बाप वामनराव, काका आणि मामा. तिघांनाही तंगडीच पाहिजे. मागच्या साली एका घरी ताटात मान आली म्हणून वामनराव भरल्या ताटावरून उठला आणि सोयरीक मोडून आला. तेव्हापासून त्याचा हुकूमच होता, कोंबडा अख्खा आणा, माह्या डोयासमोर कापा.

"पोट्टी पाह्याले आले का तंगडी पाह्याले?"

"हळू बोल वो बाई! माह्या पोरीचा सवाल हाये."

तिवशाच्या आसपास अख्खा कोंबडा शिजवावा आणि सांध्यासांध्यातून सोडवावा तो सत्यभामाबाईनंच. वीस वर्षं ती हे करत आली होती. खाणाऱ्यांबद्दल मात्र तिला कवडीचा आदर उरला नव्हता. मिशांना पीळ देऊन बसतात आणि दाताखाली काय आलं ते कळत नाही, असली ही जमात.

किसनरावानं स्वतःच परात बैठकीत नेली. सत्यभामाबाई सुरी घेऊन बसली. तिनं अंगठ्यानं सांधा चाचपला, मांडी बाहेर दाबली. कट्ट. सुरी एकदाच फिरली आणि तंगडी अलग.

"आधी यायले वाढा," वामनराव मोठेपणानं म्हणाला. नजर मात्र परातीतच रुतलेली.

एक तंगडी काकाला गेली, दुसरी मामाला. छातीसाठी तिनं कोंबडा उलटा केला, तर खाली तिसरी तंगडी! पांढरी, फुगलेली, बोटानं दाबली तर कापसासारखी. किसनरावानं दुकानातून ब्रॉयलरची शिजवलेली तंगडी आणून, रश्श्यात बुडवून खाली सारली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

बावळट! आयुष्यभर गावरान खाल्लेल्या माणसाला हे कळणार नाही? लपवली तरी वामनराव उठणार, वाढली आणि ओळखली तरी उठणार.

मग तिनं वामनरावाच्या तोंडाकडे पाहिलं. ते आधीच उघडं होतं.

"तुमच्यासाठी मोठी ठेवली, भाऊ," म्हणत तिनं ती वाढली.

वामनरावानं लचका तोडला, डोळे मिटले.

"वा! याले म्हन्तेत गावरान! आजकाल लोकं ब्रॉयलर चारून फसवतेत. पन माह्या जिभेले कोनी फसवू शकत नाई."

काका-मामांनी माना डोलावल्या. तिघं आपापली नळी चोखत होते. शेजारच्याच्या ताटात काय आहे हे पाहायला कोणालाच सवड नव्हती. हात धुतले आणि लगेच सुपारी फुटली.

आकांक्षा दाराआडून सगळं पाहत होती. ती स्वयंपाकघरात आली.

"मावशी, कोंबड्याले पाय किती होते वो?"

"पाहुने होते तितके. मोजाची अक्कल कोनाले हाये त्यायच्यात?" सत्यभामाबाईनं सुरी पदराला पुसली. "त्या घरात गेली का कोंबडा तूच कापजो, पोरी. बाकीचे बसतीन जीभ हालवत."

बायकांची पंगत अजून व्हायची होती. लाकडांपाशी दुसरा कोंबडा कापून ठेवलेला होता. तिनं त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि पिसं उपटायला बसली.