वयानुसार चौथी

नागपूरच्या नंदनवनातून एसटीनं जाऊन उमरेडपुढच्या एका खेड्यात मी बरीच वर्षं शिकवलं. चार वर्ग, आम्ही दोघी बाया. आमच्याकडे पोरं वयाप्रमाणे नाही, वाचनाप्रमाणे बसायची. अक्षरं येत नसली तर अक्षरांच्या चटईवर, शब्द जमले की पुढच्या चटईवर. चटई बदलली की पोरं दिवसभर भाव खायची.

एक नऊ वर्षांची पोर आली. आईसोबत मिरचीचे देठ खुडायला फिरलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तीन महिन्यांत शब्दांवर आली. बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, अडली की स्वतःवरच चिडायची. मला फार आवडायची.

मग तपासणीला साहेब आले. गाडीतून उतरले ते थेट हजेरीपत्रकावर.

"मॅडम, ही चौथीच्या वयाची मुलगी लहान्या पोरांत काय करून राहिली?"

"वाचायला शिकून राहिली, सर."

"नियमात वयानुसार वर्ग आहे. उद्यापासून चौथीत."

वेगळी तयारी करून घ्यायचीही सोय नियमात आहे म्हणे. ती करून घ्यायला कुणी आलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला काय यावं हे मंत्रालयात कुणीतरी चहा पिता पिता ठरवलं, अन् तिला रोज पाहणाऱ्या आम्हा दोघींना काळ्या कुत्र्यानंही विचारलं नाही. सरकारनं इमारत बांधावी, पुस्तकं द्यावीत, मी हात जोडून घेईन. पण कोणतं पोर कुठं बसेल हेही यांनीच ठरवायचं? डोंबलाचं नियोजन.

चौथीत तिच्यापुढं पानभर धडे आले. महिनाभरात तिनं तोंड उघडणं बंद केलं. वर्षाअखेरीस निकालाचा तक्ता भरायला आला. 'अप्रगत' लिहिलं की खुलासा, खुलाशाचा पुन्हा खुलासा, मग नागपुरात सदरच्या शिक्षण ऑफिसात हेलपाटे. मी 'प्रगत' लिहिलं, प्रगतिपत्रकावर सही केली. भित्री होते, दुसरं काय.

ते प्रगतिपत्रक आईनं शेजाऱ्यांकडून वाचून घेतलं, अन् हरखली. उन्हाळ्यात दोघी माहेरी नागपूरला निघाल्या. उमरेडच्या स्टँडवर आई कुणालाच विचारेना. पोरगी वाचते ना आता. पोरीनं घाबरून एका बसकडे बोट दाखवलं. ती बस भलतीकडे जाणारी. कंडक्टरनं मधेच उतरवलं, भर दुपारी, कुठल्याशा फाट्यावर.

चार दिवसांनी आई नंदनवनात माझ्या घरापर्यंत आली. पोर तिच्या मागं उभी.

"बाई, तुमी लिहून देलं का पोरीले वाचता येते. म्या भरोसा ठेवला. पोरगीच खोटी निघाली, नुसती बसून यायची. आता नाई धाडत."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं काय होतं ते तिला अन् मलाच ठाऊक होतं. मी आईला चहा विचारला.