मावशींना दिलेला शब्द मी मोडला

काल दुपारी पुष्पा मावशी गेल्या.

मृणालला कळवायची वेळ माझ्यावर आली नाही. ती आईच्या उशाशीच बसली होती.

तेवढ्यासाठी मी मावशींना दगा दिला. तो आज इथे सगळ्यांसमोर कबूल करतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर, काका बरेच आधी गेलेले. एकुलती एक मुलगी मृणाल, पुण्यात सीए करतेय.

मी उदगीरची. मुनिरकात रूम घेऊन यूपीएससी करत होते.

दर रविवारी चार वाजता मावशी क्वार्टरजवळच्या पार्कात लेझीम शिकवायच्या. मराठी पोरं, त्यांच्या आया, आमच्यासारख्या रूमवरच्या मुली, कोणीही यावं.

रविवारचं ते पार्क म्हणजे नुसता धिंगाणा. झाडाखाली गिटारवाले, पलीकडे रील बनवणाऱ्या पोरी, कट्ट्यावर स्केचिंगचा ग्रुप. मध्येच कुणाचं तरी शटल येऊन डोक्यात बसायचं.

आणि ह्या सगळ्यात आमचा छनछनाट.

गिटारवाल्यांनी एकदा गार्डला पाठवलं. मावशी त्याला म्हणाल्या, "भैया, इसको व्हॉल्यूम का बटन नहीं होता."

स्केचवाल्यांवर वेगळाच राग. "मला जाडी काढतात," म्हणायच्या. आता होत्याच तशा, तर ते तरी काय करणार, यार.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती घरचा फोन घ्यायला. रूमवर चौघी, धड बोलायची सोय नाही. फोन ठेवला तर ह्या बाई समोर उभ्या. मराठी आहेस ना, मग बघत काय बसलीस, असं म्हणून हातात लेझीम दिली.

माझे अटेम्प्ट संपले, नोएडात नोकरी लागली, तरी रविवार काही सुटला नाही.

दिल्लीत वाढलेल्या पोरांना "उकिडवे बसा" म्हटलं की कळायचं नाही. मग मावशी स्वतः बसून दाखवायच्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण बसायची काय, उठायची काय.

ह्या हिवाळ्यात एका रविवारी त्या "उकिडवे" म्हणाल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मला म्हणाल्या, तू दाखव.

सगळे गेल्यावर बाकावर बसून त्यांनी सांगितलं. पोटात गाठ आहे. रिपोर्ट आलेत, चांगले नाहीत.

"मृणालला एक अक्षर सांगायचं नाही. तिचे पेपर होऊ देत. शब्द दे."

मी दिला. बिल्कुल विचार न करता दिला.

कारण आमच्याकडे हाच रिवाज. पेपरच्या आधी पोरांना वाईट बातमी द्यायची नाही. तिकडे बापाचं ऑपरेशन होऊन जातं, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं आणि पोरगी इथे मुनिरकात नोट्स काढत असते. ह्याला घरचा सपोर्ट म्हणतात.

माझी नानी गेली तेव्हा माझी मेन्स चालू होती.

शेवटचा पेपर झाल्यावर अब्बांनी फोन करून सांगितलं. तोवर तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. शेवटी शेवटी ती मला विचारत होती, हेही सांगितलं.

मेन्स काही निघाली नाही. निघाली असती तरी काय.

अब्बांवर माझं प्रेम आहे. राग पण आहे, अजून आहे.

तरीही मी महिनाभर तोंड शिवून बसले. ऑफिसला दांडी मारून हॉस्पिटलला सोबत जात होते. मृणालचा फोन आला की मावशी तिथल्या बाकावरूनच म्हणायच्या, मी मजेत आहे गं, तू अभ्यास कर.

मग एक दिवस डॉक्टरांनी मलाच मुलगी समजून बाजूला घेतलं. म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर आता बोलवून घ्या.

पेपरला अजून चार महिने होते.

त्या रविवारी मावशी खुर्चीत बसून ठेका मोजत होत्या. मी गिटारवाल्यांच्या मागे गेले आणि मृणालला फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "आत्ता काय करतेय आई?"

"लेझीम शिकवतायत."

"ऐकव मला."

मी फोन तिकडे धरला. एक, दोन, तीन, चार. मावशींचा आवाज चांगला खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाल बॅग घेऊन क्वार्टरच्या दारात.

मावशी तिला मिठी मारून रडल्या. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले, तर तो घेतला नाही.

"तिचा अटेम्प्ट गेला, नसरीन. दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजले असते. तुला तरी कळायला हवं होतं."

माझ्याकडे उत्तर होतं. मी ग्लास तिथेच ठेवला.

त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. चहा विचारायच्या, तोही मृणालमार्फत. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं.

पुढचे सात रविवार आम्ही त्यांना खुर्चीसकट पार्कात नेलं. मृणालने शाळेनंतर पहिल्यांदा लेझीम हातात धरली. मावशी तिच्यावर ओरडायच्या, कमरेतून वाक, कंबर आहे ना तुला? अख्खं पार्क बघायचं आणि मृणाल हसत हसत वाकायची.

मी मागच्या रांगेत असायचे. मावशींनी सगळ्यांच्या चुका काढल्या. माझी एकही काढली नाही.

कालपासून लोक मला समजावतायत, त्यांनी मनातून माफ केलं असेल गं.

मला नाही वाटत. मावशी, राग सोडणाऱ्यातल्या तुम्ही नव्हतातच.

असू दे. मृणालला सात रविवार मिळाले.

पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फोन लावीन.

नीट जा, मावशी. मनापासून नमस्कार.