पोरीनं काढलेला नकाशा नेटवर काऊन टाकला

गुरुजी, माह्या पोरीचा नकाशा नेटवर टाकताना मले काऊन नाई विचारलं? शाळेत गेली तर कुलूप, तुम्ही ट्रेनिंगले. म्हणून तुम्ही नकाशा टाकला त्या मास्तर लोकांच्या ग्रुपवरच विचारून राह्यली. गडचिरोलीच्या कॅफेत बसली आहो, मी सांगतो अन् कॅफेवाला भाऊ टाइप करते.

तुमचा तो एकच धडा, त्यात भाषा, गणित, भूगोल सारंच. गावाचा नकाशा काढा, कोणत्या वाटेनं कोण जाते ते मोजून लिहा. चौथीतल्या माह्या सुमननं लिहिलं, 'डोंगराच्या वाटेनं बाबा चार डबे घेऊन जातात.' तुम्ही खाली शाब्बास लिहून नावासकट चढवलं.

आज सकाळी गावाजवळच्या कॅम्पातले पोलीस तोच कागद छापून घरी आले.

"डोंगरावर कोणाले जेवण पोचवतो रे?"

सुमनचा बाबा म्हणे, "बांबू तोडणारे आहेत, साहेब."

"चाल, कॅम्पात सांग."

घेऊन गेले. मी निघाली तवापर्यंत आला नव्हता.

सुमन विचारते, "आई, माहं गणित चुकलं काय?" रबर घेऊन वहीतली वाट खोडत बसली होती.

बाकीच्या मास्तरांनो, तुम्ही त्याखाली 'छान उपक्रम' लिहिलं. उद्या जंगलातले बंदूकवाले तोच नकाशा पाहून 'पोलिसाइले वाट काऊन दाखवली' म्हणत घरी आले, तर त्याहिले मी काय सांगू?

गुरुजी, नकाशा आजच नेटवरून काढून टाका. शुक्रवारपर्यंत माह्यासंगं कॅम्पात येऊन सांगा का हा तुमचा धडा होता. येता का नाई, ते इथीच लिहा.